हाक आधी की पाऊल

जळगाव
५ जानेवारी २०२६

ती. आधार नाना,
जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हा निरोप मला दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्यायचा नाही, म्हणून पत्र. बाबांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "माझा चुलतभाऊ आहे तो, पण हा विषय मी नाही काढणार त्याच्याकडे. तूच लिही."

काल धरणगावविरुद्धचा हॉकीचा सामना मी नेहमीप्रमाणे रेकॉर्ड केला. धुळ्याच्या मुली सध्या पाचव्या आहेत. साखळीतले चार सामने उरलेत आणि पहिले चारच संघ बाद फेरीत जाणार. हे तुम्हाला सांगायला नको. झिपरूभाऊंनी पानटपरीच्या फळीवर खडूने गुणांचा तक्ता लिहिलाय, तो मी पाहिला. चोपड्याचे गोल त्यात दोनने कमी आहेत.

सामन्यानंतर हेमांगी माझ्याकडे आली. पॅड सोडत होती. म्हणाली, "ताई, पेनल्टी कॉर्नर लागला की गोलच्या मागून साठ-सत्तर माणसं 'प्रज्ञा! प्रज्ञा!' ओरडतात. चेंडू माझ्याकडे येतोय आणि हाक दुसरीला. मी वळून बघते, खरंच. कोणी उभं आहे का म्हणून." ती एकोणीस वर्षांची आहे. रावेरच्या सामन्यापर्यंत हे थांबलं नाही तर सामान परत करून घरी जाणार, असं तिने शांतपणे सांगितलं. आपल्याकडे दुसरी गोलकीपर नाही.

ती हाक आधी तुम्ही देता आणि मग बाकीचे उचलतात. प्रज्ञा तुमची मुलगी होती. माझीही बहीण होती. तरी विनंती करते, हाक बंद करा.

समीक्षा


धुळे
१० जानेवारी २०२६

चि. समीक्षा,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. झिपरूला चोपड्याचे गोल सांगितले. तो म्हणतो, ते दोन गोल ऑफसाइड होते, मी धरत नाही. मी म्हटलं, अरे, हॉकीतून ऑफसाइड जाऊन तीस वर्षं झाली. तर म्हणे, माझ्या फळीवरून नाही गेला.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इंजिनांच्या शेजारी उभं राहून माझे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत, समोरच्याचं बोलणं ओठांवरून कळतं. पेनल्टी कॉर्नरला मारणारी पोरगी चेंडूवर येते तेव्हा तिचा खांदा आधी बोलतो. प्रज्ञा चौदा वर्षांची असल्यापासून मी गोलच्या मागच्या जाळीला धरून तिला बाजू सांगायचो. डावी. उजवी. ती हेल्मेटातून मान हलवायची, म्हणजे कळलं.

दोन वर्षांपूर्वीची जळगावविरुद्धची उपांत्य फेरी तू पाहिली आहेस. शेवटचा कॉर्नर. मी "उजवी" ओरडलो. ती उजवीकडे गेली आणि चेंडू डावीकडून आत. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. ताप मेंदूत चढलेला, तिला त्या चेंडूचं काय विचारणार? तिनेही विषय काढला नाही. तेव्हापासून मी बाजू सांगत नाही. पण कॉर्नर लागला की तोंड उघडतंच. काहीतरी बाहेर पडायला हवं ना, तर नाव पडतं.

आणखी एक सांगतो, तुझ्या बाबाला सांगू नको. कॉर्नरच्या आधी ती डाव्या खांबावर दोनदा आणि उजव्यावर एकदा स्टिक मारायची, आठवतं? मला पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. झिपरू कानाशी थाळी बडवतो ती ऐकू येत नाही. पण हेमांगी गोलमध्ये उभी राहिली की टक-टक, टक, हे मला ऐकू येतं. दर वेळी. मग नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे. दोनदा विचारलं, तू म्हणालीस, बघायची हिंमत होत नाही. आता बघ. मला एवढंच हवंय, माझी हाक आधी की तिचं पाऊल आधी? ती आपल्या मनाने गेली असेल तर नाव घेणं त्या क्षणी बंद करतो आणि सगळ्यांना बंद करायला लावतो. शब्द देतो.

तुझा
आधार नाना


जळगाव
१५ जानेवारी २०२६

ती. नाना,
जयभीम.

रेकॉर्डिंग तपासलं. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये तुमची हाक ऐकू येते आणि तिथून पाचव्या फ्रेमला प्रज्ञाचं पाऊल उचललेलं दिसतं. पण माझा कॅमेरा गोलपासून एकेचाळीस मीटरवर होता. आवाजाला तेवढं अंतर यायला सहा फ्रेमचा वेळ लागतो. ती दुरुस्ती धरली की पाऊल आधी पडतं. एका फ्रेमने.

म्हणजे ती आपल्या मनाने गेली.

तुम्ही शब्द दिला आहे. रविवारी रावेर आहे.

खांबाच्या आवाजाबद्दल: कान गेलेल्या माणसांना असे भास होतात. डॉक्टरांना दाखवा.

समीक्षा


धुळे
२७ जानेवारी २०२६

चि. समीक्षा,
जयभीम. खूप आशीर्वाद.

तुझं पत्र शर्टाच्या खिशात ठेवलंय. एक फ्रेम म्हणजे किती, ते झिपरूने विचारलं. मी म्हटलं, डोळा लवायला लागतो त्यापेक्षाही कमी, पण माझ्या पोरीने तेवढ्यात आपलं आपण ठरवलं होतं. दोन वर्षांनी रात्रभर झोपलो.

शब्द पाळला. रावेरच्या दिवशी सगळ्यांना जाळीपाशी गोळा करून सांगितलं, आजपासून तिचं नाव नाही. झिपरू म्हणाला, "मंग काय वरडानं भाऊ? भजन करूत का?" पहिला कॉर्नर लागला तेव्हा जाळीमागे एवढी शांतता झाली की हेमांगी वळून बघायला लागली. आणि मला त्या रावेरच्या पोरीचा खांदा दिसला. स्पष्ट. माझ्या तोंडून "डावी" गेलं. हेमांगीने डावा पाय टाकला आणि चेंडू पॅडवर आदळून बाहेर! माणसं जाळीवर चढली. झिपरू नाचत होता, "आधार भाऊ, तुनी जीभ सोनानी शे!"

रावेरला हरवलं, परवा चोपड्यालाही. फळीवर आपण तिसरे. ऑफसाइडवाले ते दोन गोल झिपरूने स्वतःहून लिहिले, आता आपल्याला त्यांची भीती नाही म्हणे. काल हेमांगी घरी आली, शेंगदाण्याची चटणी-भाकर खाल्ली. म्हणाली, "नाना, तुम्ही सांगत जा, मी ऐकत जाते." सामान परत करायचं नावही नाही.

टक-टक, टक येतंच आहे. पण आता त्याची भीती नाही वाटत. तू लिहिलंस ना.

रविवारी शिरपूरला जातोय. दोन गाड्या भरल्यात.

तुझा
आधार नाना


जळगाव
३० जानेवारी २०२६

ती. नाना,
जयभीम.

दोन विजयांचं अभिनंदन. पण कृपा करून बाजू सांगू नका. दोन सामन्यांत सात कॉर्नर झाले. तुमची हाक चार वेळा बरोबर आली, तीन वेळा चुकली. चुकलेल्या तिन्ही वेळा चेंडू गोलबाहेर गेला म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नाणं उडवलं तरी साधारण एवढंच बरोबर येईल.

दुसरी गोष्ट. तुम्हाला भास होतो असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. या दोन्ही सामन्यांत मी गोलच्या जाळीला आवाजाचा वेगळा रेकॉर्डर लावला होता. सातपैकी पाच कॉर्नरच्या आधी त्यावर खांब वाजल्याचा आवाज आहे. दोनदा, मग एकदा. हेमांगीची स्टिक त्या वेळी हवेत आहे, चित्रात दिसते. तुमचे दोन्ही हात कुंपणावर आहेत. झिपरूभाऊंची थाळी वेगळी वाजते. जाळीचे हुक, वारा, शेजारच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर, सगळं तपासलं. कारण सापडलं नाही.

मी दिवसभर लॅबमध्ये दाब मोजण्याची घड्याळं तपासते. एखाद्याचं कारण लागलं नाही तर दाखल्यावर "अनिर्णित" लिहून सही करते आणि घरी जाते. या वेळी तसं जमलेलं नाही. रेकॉर्डर काढून ठेवला आहे.

शिरपूरला बोलू नका, नाना.

समीक्षा


धुळे
४ फेब्रुवारी २०२६

चि. समीक्षा,
जयभीम.

तुझं पत्र शिरपूरहून परतल्यावर मिळालं. हरलो, दोन-एक. पंच तिकडच्याच गावचा असावा. आपली फॉरवर्ड रिकाम्या गोलसमोर उभी राहून ओढणी सावरल्यासारखी केस सावरत होती. शेजारी झिपरू ओरडला, "ओ ताई, मांडव तिकडे आहे!" पण त्या दिवशी हसू आलं नाही कुणाला.

दुसरा गोल कॉर्नरवर गेला. मी "उजवी" म्हटलं, हेमांगी उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडून. ती खांबावर आपटली, हेल्मेटची कड हनुवटीत घुसून दोन टाके पडले. परतीच्या गाडीत रडत होती. "नाना, तुम्ही सांगितलं तेच केलं मी." मला तुझं पंधरा जानेवारीचं पत्र आठवलं. खिशातून काढून तिला वाचायला दिलं. म्हटलं, बघ, प्रज्ञाचंही असंच झालं होतं. पाऊल हाकेच्या आधी पडतं आणि वाटतं हाकेवर गेलो. तुझंही घाईचं पाऊल आहे. माझी हाक ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

तीन दिवस मी रोज मैदानावर जातोय. मुलींचे कोच प्रेमराज सर, त्यांनी परवानगी दिली. पोरगी कॉर्नरला खांबासारखी उभी राहते, हाक आली की मगच हलते. गुणी आहे.

नाणं उडवण्याचं तू लिहिलंस. बाई, तू मोजणारी आहेस, मी बघणारा. आपण पाचवे झालोय, पण पंधरा तारखेला जळगावविरुद्ध बरोबरी झाली तरी गोलफरकाने चौथे होतो. झिपरूने फळी तीनदा पुसून तीनदा लिहिली. मी जाळीमागे असणार.

आवाजाचं काय ते मला सांगू नको. मला ऐकू येतं तेवढं पुरे.

तुझा
आधार नाना


जळगाव
९ फेब्रुवारी २०२६
(स्पीड पोस्टाने)

ती. नाना,
जयभीम.

हे पत्र पूर्ण वाचा. १५ जानेवारीला मी तुम्हाला खोटं लिहिलं.

पाच फ्रेम खरं आहे. एकेचाळीस मीटर खरं आहे. सहा फ्रेम खरं आहे. पण आवाज कॅमेऱ्यापर्यंत उशिरा पोहोचतो, याचा अर्थ हाक ऐकू आली त्याच्याही आधी तुम्ही मारलेली होती. पाचात सहा मिळवायचे असतात. मी पाचातून सहा वजा केले. चूक झाली नाही, जाणूनबुजून केलं. खरं उत्तर अकरा आहे. तुमच्या हाकेनंतर अकराव्या फ्रेमला तिने पाऊल उचललं. माणसाला ऐकून हलायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ती तुमच्या हाकेवर गेली.

बघायची हिंमत होत नाही, हेही खरं नव्हतं. मी ते सामना संपल्यावर त्याच रात्री मोजलं होतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. तुम्ही औषधं आणायला गेला होता. तिने मला विचारलं, "मोजलंस ना?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "नानांना सांगू नकोस. विचारलं तर मी आधीच गेले होते म्हण." मी हो म्हटलं. दोन वर्षं न बोलता निभावलं. तुम्ही थेट विचारलंत तेव्हा तिने सांगितलेलं वाक्य लिहून दिलं, वर आकड्यांचा आधारही दिला. लॅबमध्ये आजवर एकाही खोट्या आकड्यावर सही केलेली नाही. ही पहिली.

त्या पत्राच्या जोरावर तुम्ही हेमांगीला हाकेसाठी थांबायला शिकवलंत. तिच्या हनुवटीचे टाके माझ्या पत्रामुळे आहेत. आणखी काही व्हायच्या आत लिहिते आहे.

हे वाचून तुम्हाला काय होईल, याचा अंदाज मी करू शकत नाही. मला बोलवलंत तर येईन.

समीक्षा


धुळे
१८ फेब्रुवारी २०२६

चि. समीक्षा,
जयभीम.

पत्र चौदा तारखेला दुपारी मिळालं. तीनदा वाचलं. मग पलंगाखालून प्रज्ञाची पेटी काढली, तिच्यातले हातमोजे बघितले आणि परत ठेवून दिली. जेवलो नाही. तुझ्यावर राग आला नाही. थोडा आला. तिच्यावर आला. एवढ्या तापात पोरगी माझ्यासाठी खोटं ठरवत बसली आणि मी तिकडे गोळ्यांच्या रांगेत उभा.

रविवारी तू मला जाळीमागे शोधत होतीस. मी पाहिलं. मी समोरच्या टोकाला होतो, जळगावच्या गोलच्या मागे, त्यांच्या माणसांत. टोपी घालून. तिथून आपला गोल एवढासा दिसतो. ठरवलं होतं, जिथून माझी हाक पोहोचणार नाही तिथे उभं राहायचं. तुला हेही सांगतो, तिथे टक-टक काही ऐकू आलं नाही. नुसता बहिरा होतो मी त्या दिवशी, डॉक्टर म्हणतात तसा.

पुढचं तुझ्या कॅमेऱ्यात आहे. एक-एक. शेवटची दोन मिनिटं. आमच्या बाजूचे सगळे झिपरूच्या थाळीवर "बरोबरी, बरोबरी" म्हणत होते, मला त्यांची तोंडं दिसत होती. मग कॉर्नर. जळगावची पोरगी चेंडूवर आली तेव्हा मला तिची पाठ दिसत होती, खांदा उजवीकडे पडला. मी तोंडात रुमाल कोंबला.

हेमांगी उभी राहिली.

आधी मला वाटलं, तिला चेंडू दिसला नाही. मग कळलं. ती थांबली होती. मी शिकवलं तशी, खांबासारखी. चेंडू तिच्या गुडघ्याच्या बाजूने गेला, वीतभर अंतरावरून. साधा पाय हलवला असता तरी लागला असता.

तू मला खरं सांगितलंस, समीक्षा, आणि मी ते घेऊन दूर जाऊन उभा राहिलो. तिला सांगायला विसरलो. विसरलो कसा म्हणू? सकाळी सात वाजता ती मैदानावर एकटी पाय मोकळे करत होती. मी कुंपणाबाहेरून पाहिलं आणि आत गेलो नाही. मला माझीच पडली होती.

शिट्टी झाली तशी ती सगळं मैदान ओलांडून माझ्यापर्यंत चालत आली. टोपीतही ओळखलं. म्हणाली, "कोठे गयथात नाना?" बाकी काही नाही. पॅड तसेच पायांत. झिपरू आला आणि तिला घेऊन गेला. रात्री त्याने फळी पुसली ती कोरीच आहे.

मंगळवारी मी तिच्या गावी गेलो, शिरपूरच्या पुढे. तिची आई कापसाच्या वाळलेल्या काड्या वेचत होती, ती उठून पाणी द्यायला लागली. मी बसलो नाही. हेमांगीला तुझी दोन्ही पत्रं दिली. पंधरा जानेवारीचं आणि नऊ फेब्रुवारीचं. म्हटलं, आधी हे वाच, मग ते, मग मला जे बोलायचं ते बोल. तिने वाचली, घडी केली, म्हणाली, "माझ्याजवळ राहू द्या." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती तुला फोन करील. तिला जे असेल ते सांग. माझ्याकडे बघून कमी-जास्त करू नको.

आधार नाना


जळगाव
२३ फेब्रुवारी २०२६

ती. नाना,
जयभीम.

हेमांगीचा फोन काल आला. बावीस तारीख, प्रज्ञा गेली तो दिवस, हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

तिने तुमच्याबद्दल विचारलं नाही, पत्रांबद्दलही नाही. एवढंच विचारलं, "ताई, चेंडू त्या पोरीच्या स्टिकवरून सुटल्यापासून मी किती वेळ उभी होते?"

मी तेव्हाच मोजलं, तिला फोनवर थांबवून. मागचा आकडा मी एकटीने मोजला होता, म्हणून या वेळी फ्रेम मोठ्याने मोजल्या. एकवीस. सेकंदाच्या निम्म्याहून कमी.

मग ती म्हणाली, "एवढंच? मला फार वेळ वाटला."

मी म्हटलं, हो. मलाही.

समीक्षा